कोपऱ्यातलं कपाट आणि ज्वारीची कोठी

‘एल’ आकाराच्या ओट्याच्या दोन बाजू मिळतात, तिथे खाली सुमारे दोन फूट बाय दोन फुटांची जागा अडकून पडते. आत हात पोचत नाही, मागचं दिसत नाही. मॉड्युलर किचनवाले त्यावर फिरते गोल ट्रे सुचवतात. सोलापूरकरांनी होकार देण्याआधी हिशेब मांडावा.

चौकोनात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळही साधारण 21 टक्के जागा वाया घालवतं. शिवाय ट्रेला ठरावीक वजनच पेलतं.

इथल्या घरात ज्वारी पोत्याने भरली जाते. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची मालदांडी असो की साधी शाळू, तिची स्टीलची कोठी ट्रेवर बसत नाही. शेंगदाणे, डाळी, काळ्या मसाल्याच्या बरण्या वेगळ्याच. अशा साठवणीला कडप्प्याचा भक्कम कप्पा हवा. खाली कोठी, वर रोज न लागणारी मोठी पातेली आणि आत वाकून न बघता सामान काढता येईल असं रुंद दार, एवढं पुरे.

सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात 30 हजार कामगार-घरांचा प्रकल्प आहे. त्यातली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये सुपूर्द झाली. अशा छोट्या घरांत वीतभर जागाही मोलाची.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. सिंकलगतच्या दमट कोपऱ्यात धान्य नको आणि बंद कोपऱ्यात सिलिंडर तर नकोच. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो.

आधी कोठीचं माप घ्या, मग सुताराला बोलवा.