दागिने मोडण्याआधी मोरपीस बघा!



मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं, "सर, रंग न वापरता रंगीत थ्रीडी प्रिंटिंग करायचं नवं तंत्र आलंय म्हणे. दागिने मोडून मशीन घेऊ का?"

माझं स्पष्ट मत: नको. का, ते सांगतो.

मोरपीस कुटलं तर निळी पूड मिळत नाही, काळपट तपकिरी मिळते. म्हणजे पिसात निळा रंग भरलेलाच नसतो. पिसातली अतिसूक्ष्म रचना प्रकाशातला ठरावीक भाग परत पाठवते, तोच आपल्याला निळा दिसतो. याला म्हणतात रचनात्मक रंग.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या यिंग डियाओ यांच्या गटाने २०२० साली असा रंग प्रिंट करून दाखवला. शाई एकच, पण छपाईचा वेग आणि तापमान बदललं की रंग बदलतो! भारीच काम आहे. पण ती शाई प्रयोगशाळेत बनवलेल्या खास पॉलिमरची. आपल्याला किलोवर मिळतं ते फिलामेंट वेगळं. शोध लागणं आणि गिऱ्हाईक दारात येणं, यात बरंच अंतर असतं. या नावाखाली कोणी मशीन किंवा डीलरशिप विकायला आलं, तर आधी नमुना हातात मागा.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. साध्या प्रिंटरच्या बेडवर होलोग्राम नक्षीची शीट लावता येते. तिच्यावरच्या बारीक रेषांचा ठसा प्लास्टिकच्या पहिल्या थरावर उमटतो आणि ती बाजू इंद्रधनुष्यासारखी चमकते. हाही रचनात्मक रंगच! काळ्या फिलामेंटवर तर मस्त उठून दिसतो.

मर्यादा मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगा. चमक एकाच बाजूला येते. घासलं किंवा वार्निश मारलं की ती जाते. म्हणून खिशातल्या कीचेनपेक्षा कानातले, शोभेच्या वस्तू बऱ्या. आणि पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, तेव्हा उन्हातल्या गाडीत ठेवायची वस्तू त्यात नको.

ताई, ओळखीतल्या कोणाच्या तरी प्रिंटरवर पैसे देऊन दहा जोड कानातले काढून घ्या. ओळखीबाहेरच्या लोकांना विकून बघा. पुन्हा मागणी आली, तर मशीनचं बोलू. तोवर दागिने कपाटातच राहू द्या.

तुम्ही पहिली वस्तू कोणती कराल? कमेंटमध्ये नक्की सांगा.