क्वांटम रडार : तुलना कोणाशीं?

एका वाचकांचें पत्र आलें आहे. चिरंजीव पदव्युत्तर अभ्यासासाठीं 'क्वांटम रडार' हा विषय घेऊं म्हणतात. शत्रूचें लपूनछपून येणारें विमानहि त्यानें दिसेल, असें त्यांनीं कोठें तरी वाचलें आहे. 2016 सालीं चीनमधील एका सरकारी कंपनीनें 100 किलोमीटर पल्ल्याचा दावा केल्यापासून अशा बातम्यांस तोटा नाहीं. विषय खरा, कीं निव्वळ थाप, असा पित्याचा प्रश्न आहे. आमच्या मतें विषय खरा आहे. विमानाची गोष्ट तेवढी सोडून द्यावी.

रूढ रडार सूक्ष्मलहरींचा झोत सोडतें व परत येणारा प्रतिध्वनि टिपतें. अंतर दुप्पट झालें, कीं प्रतिध्वनि सोळापटीनें क्षीण होतो. शिवाय प्रत्येक उष्ण वस्तूंतून त्याच जातीच्या लहरी निघत असल्यामुळें हें काम यात्रेच्या गलबल्यांत एकादी हांक ओळखण्यासारखें असतें. यावर 2008 सालीं अमेरिकेंतील सेठ लॉइड यांनीं एक युक्ति सुचविली. फोटॉन, म्हणजे लहरींतील शक्तीचे अविभाज्य कण, जुळे निर्माण करावे. एक बाहेर धाडावा, दुसरा घरीं ठेवावा, आणि परत येईल त्याची घरच्याशीं ओळख पटवावी. नवल हें, कीं वाटेंतील गलबल्यानें जुळ्यांचें क्वांटम नातें तुटतें, तरी त्या नात्याचा लाभ शिल्लक राहतो! त्याच वर्षीं इतरांनीं केलेल्या गणितांत, तितक्याच शक्तीच्या रूढ झोतापेक्षां हा लाभ फार तर चौपट ठरला.

चौपट ऐकून हुरळून जाऊं नये. सोळापटीचा वरील नियम ध्यानांत घेतां चौपटीनें पल्ला वाढतो तो सुमारें 1.4 पट. तोहि झोत अत्यंत दुबळा असेल तरच. एकेका लहरीखंडांत सरासरीनें एकाहूनहि कमी फोटॉन असावा लागतो. सभोंवारच्या उष्णतेचे मात्र, 10 गिगाहर्ट्झ कंपनांस, तेथें सुमारें 600 असतात. उलट 1 किलोवॉटच्या रूढ रडारनें 1 मायक्रोसेकंद दिलेल्या हांकेंत सुमारें 1,500 परार्ध फोटॉन असतात. ज्यास ओरडण्याची मुभा आहे त्यानें कुजबुजण्याची कला कां शिकावी? शिवाय घरचा जुळा तोंपर्यंत जपून ठेवावा लागतो, आणि लक्ष्य किती दूर आहे हें तर आधीं ठाऊक नसतें. जवळच्या अंतरावर, जेथें झोत सौम्यच ठेवणें भाग आहे, तेथें मात्र या कलेस वाव आहे.

आतां प्रयोगांविषयीं. कुस्ती तुल्यबलांची लागली पाहिजे. 2020 सालीं ऑस्ट्रियांत 1 मीटरवरील, साध्या खोलीच्या उष्णतेंतील वस्तु या रीतीनें हुडकण्यांत आली. जुळे फोटॉन निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ थंड केलेल्या यंत्रांत जन्मले होते. परंतु ज्या रूढ पद्धतींवर तेथें मात झाली त्या रूढांतील सर्वोत्तम नव्हत्या. सर्वोत्तम पद्धतीस मागें टाकलें तें फ्रान्समध्यें, लियॉन येथें, 2023 सालीं. आणि सरशी किती, तर सुमारें 20 टक्के. तेथें लक्ष्य मोकळ्या हवेंत नव्हतेंच. त्याचें सोंग शीतयंत्राच्या आंतील एका विद्युन्मंडलानें वठविलें होतें.