आजोबांचे घड्याळ आणि साहेबाचे बक्षीस

१/ ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कितीतरी घरांत एक जुने घड्याळ आणि त्याला चिकटलेली कथा वारशाने येते. कथेत बहुधा रेल्वे असते, गोरा साहेब असतो आणि बक्षीस असते. संग्राहकांच्या बाजारात याच कथेवर भाव चढतो. म्हणून ती तपासणे हा आजोबांचा अवमान ठरत नाही.

२/ कथेची भूमी खरी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरांची प्रवासी गाडी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले. जी.आय.पी. रेल्वेच्या वेळापत्रकाने या गावांना मिनिटांची शिस्त लावली. पण जे घडू शकले असते, ते घडलेच असे मानता येत नाही.

३/ घड्याळ मनगटी असेल, तर १८५३ चा दावा तिथेच कोसळतो. तेव्हा पुरुषांचे घड्याळ खिशात असे. मनगटावर ते रूढ झाले पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. आतील यंत्रावर ‘इन्काब्लॉक’ असे कोरलेले असेल, तर ती धक्कारोधक रचना १९३० च्या दशकातील. असे यंत्र १९१८ साली आघाडीवरून परतलेल्या शिपायाचे कसे असेल?

४/ एचएमटीची घड्याळे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये १९६१ पासून बनू लागली. जी.आय.पी. रेल्वे त्याआधी दहा वर्षे, १९५१ मध्येच, मध्य रेल्वेत विलीन झाली होती. एचएमटीच्या तबकडीवर ‘जी.आय.पी.’ दिसले, तर ती अक्षरे रंगाऱ्याची समजावीत.

५/ असे रंगारी आहेत. जुनी तबकडी खरवडून नवी नावे, नवे रंग, नवी बोधचिन्हे चढवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक उपहासाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. येथील हानी केवळ ग्राहकाच्या खिशाची नाही. मूळ तबकडी खरवडली की एक अस्सल साधन कायमचे नष्ट होते.

६/ मग आजोबा खोटे बोलले काय? बहुधा नाही. स्मृती दोन पिढ्यांना एकत्र विणते. पणजोबांची रेल्वेतील नोकरी आणि आजोबांना निवृत्तीला मिळालेले घड्याळ, यांची नातवाच्या तोंडी एकच गोष्ट होते. दोष स्मृतीचा नाही. तिला प्रमाणपत्र समजून विकणाऱ्याचा आहे. आणि सगळ्या घरगुती कथा थोतांड ठरवणारा संग्राहकही तितकाच आळशी.

७/ कसोट्या उपलब्ध आहेत. जाणत्या घड्याळजीकडून मागचे झाकण उघडावे. आतल्या बाजूस पूर्वीच्या दुरुस्तीच्या बारीक खुणा, कधी तारखाही आढळतात. अनुक्रमांक पाहावा, लॉन्जीन्ससारख्या कंपन्या जुन्या नोंदवह्यांतून माहिती देतात. नोकरीची कागदपत्रे, निवृत्तीचे छायाचित्र, खरेदीची पावती शोधावी. कथा लिहून ठेवताना ती कोणी, केव्हा सांगितली, हेही लिहावे.

८/ तपासाअंती साहेब आणि बक्षीस गळून पडतील, उरेल कदाचित एक साधी एचएमटी ‘जनता’: पगारातून वाचवून घेतलेली, रोज चावी दिलेली, लोकलच्या गर्दीत काच चरे पडून अंधुक झालेली. डोंबिवलीच्या कारकुनाचा इतिहास तिच्यात आहे. साहेबाच्या बक्षिसाची झूल चढवली, की त्या कष्टाची नोंद पुसली जाते. हा अन्याय प्रथम आजोबांवरच होतो.