मागच्या काचेची पट्टी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आणि मिरजेजवळच्या एका खेड्यातील शेतकरी कुटुंबाच्या जुन्या पिकअपमध्ये पुन्हा पाणी शिरले. सीटच्या मागे जॅक आणि पाने ठेवण्याची जी चिंचोळी जागा असते, तेथे ओंजळभर गढूळ पाणी साचले होते. मागील दोन पावसाळ्यांत घरच्या अण्णांनी मागच्या काचेभोवती बाहेरून सिलिकॉनचा थर देऊन पाहिला होता. यंदा तिसरी नळी आणण्याचा त्यांचा विचार होता. पुतण्याचे म्हणणे, गाडीच विकून टाकावी. काचकाम करणाऱ्या मिस्त्रीने दोघांचेही ऐकून घेतले आणि म्हटले, “अण्णा, वरून लिंपून भागायचं नाही. काच उतरवून आतला पत्रा बघायला पाहिजे.”

आजच्या बहुतेक मोटारींत पुढची-मागची काच चिकटद्रव्याने जोडलेली असते. जुन्या पिकअपची मागची काच मात्र केवळ रबरी पट्टीच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बीडिंगच्या, आधाराने उभी असते. या पट्टीला दोन खाचा असतात. एकीत काच बसते, दुसरीत केबिनच्या पत्र्याची कड. ऊन आणि हवेतील ओझोन यांनी रबर वर्षानुवर्षे कडक होते, आक्रसते आणि प्रथम कोपऱ्यांत पत्रा सोडते. त्या फटीतून पाणी येते, आणि गाडी धावताना केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होत असल्याने तेथे घोटाळणारा धूरही आत ओढला जाऊ शकतो. वरून दिलेले सिलिकॉन खालच्या फटी बंद करते, परंतु वरून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. शिवाय आंबूस, शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते. उघड्या लोखंडाला तेच गंज चढवते. अण्णांनी आणलेल्या दोन्ही नळ्या त्याच जातीच्या होत्या.

तरीही मिस्त्रीने लगेच काचेला हात लावला नाही. गळती दिसते तेथेच ती सुरू झालेली असते असे नाही. सीट काढून खाली कोरडी वर्तमानपत्रे पसरली गेली, पुतण्या बॅटरी घेऊन आत बसला आणि बाहेरून पाण्याची मंद धार आधी काचेखाली, मग बाजूंना आणि शेवटी छपराच्या सांध्यावर सोडण्यात आली. धार खालून वर न्यायची, म्हणजे दोष नेमका कळतो. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी उतरताना दिसले.

जुनी पट्टी वाचवण्यात अर्थ नव्हता. बाहेरची पाकळी सुरीने कापून, दोघांनी आतून-बाहेरून धरून काच उतरवली आणि घडी घातलेल्या गोधडीवर आडवी ठेवली. ही काच टफन केलेली असते. तिचा मधला भाग बराच आघात सोसतो, पण कडेवर लागलेला लहानसा ठोका तिचा क्षणात चुरा करतो. कोपऱ्यावर, सिमेंटच्या जमिनीवर तर ती कधीच टेकवू नये.

पट्टी निघाल्यावर खरे काम दिसले. खालच्या कडेचा हातभर पत्रा पापुद्रे सुटून तपकिरी झाला होता, कोपऱ्यात तर बोट जाईल एवढे भोक. पाणी ज्या वाटेने खाली उतरत होते, त्याच वाटेवर तळाच्या पत्र्यात सीट आणि सीट बेल्ट धरून ठेवणारे बोल्ट होते. अण्णा काही वेळ बोलले नाहीत. दररोज पहाटे भाजी घेऊन सांगलीला जाताना त्या सीटवर पुतण्याच बसत असे.

बोल्टांभोवतीचा पत्रा ठोकून पाहिला. तो अजून शाबूत होता. कडेला डेंटिंगवाल्याकडून नवा तुकडा जोडून घेतला, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर फिरवून रेड ऑक्साईड आणि रंग दिला. रंग पुरता वाळेपर्यंत दोन दिवस गाडी उभी राहिली. बाजाराचे दोन दिवस बुडाले, भाड्याचा टेम्पो करावा लागला. येथेच पुष्कळ लोक घाई करतात.

बसवण्याचे काम त्यामानाने अल्प. नवी पट्टी तासभर उन्हात ठेवून मऊ केली आणि काचेभोवती चढवली. जोड कोपऱ्यात येऊ दिला नाही. पत्र्यासाठी असलेल्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी, केबिनच्या आत येतील अशी सोडली. खाचेला साबणाचे पाणी लावले. अण्णा तेलाची बाटली घेऊन आले होते, ती परत पाठवली गेली. खनिज तेलाने रबर फुगते आणि खराब होते. मिस्त्रीने बाहेरून तळहातांनी काच दाबून धरली, पुतण्याने आतून दोरी हळूहळू ओढली. दोरी निघेल तशी रबराची पाकळी पत्र्याच्या कडेवर उलटून बसत गेली. वरच्या डाव्या कोपऱ्यात ती अडकली तेव्हा जोर न लावता दोरी पुन्हा ओवून तेवढा भाग नव्याने केला.

आठवड्याने रात्रभर पाऊस लागला. सकाळी अण्णांनी सीट उचलून वर्तमानपत्रे पाहिली. काचेखालची कोरडी होती. डाव्या दाराजवळच्या कागदाचा मात्र एक कोपरा ओला होता.