खांबावर चढणारा कुणाचा 'सहाय्यक'?

वालूरकरांनो, रात्री डीपीचा फ्यूज उडाला की फोन कुणाला लावता? लाईनमनला. आता नव्यानं लागलेल्या पोराच्या ऑर्डरवर 'लाईनमन' शब्द शोधून दाखवा. ऑर्डरवर तो 'विद्युत सहाय्यक', गावाच्या तोंडी 'वायरमन' अन् महावितरणच्या प्रेसनोटमध्ये 'जनमित्र'. (प्रेसनोट आम्हीच छापतो, म्हणून माहीत.)

सहाय्यक म्हणजे मदतीला असलेला. मग मुख्य माणूस कुठाय? भर पावसात खांबावर तर हा एकटाच दिसतो. सबस्टेशनवरून परमिट घ्यायचं, अर्थिंग करायचं, तुटलेला जंपर जोडायचा, खाली उतरून शिव्या खायच्या अन् मार्च आला की थकबाकीसाठी दारोदार हिंडायचं.

खरी मेख पैशात आहे. डिसेंबर 2023 ला निघालेल्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाच्या 5,347 जागा होत्या. पहिल्या वर्षी महिन्याला 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000, तिसऱ्या वर्षी 17,000. त्याला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं! तीन वर्षं अशी काढली की मग तो 'तंत्रज्ञ'.

कोणी म्हणेल, पोरगं नवं आहे, शिकू द्या. अहो, दहावीनंतर 2 वर्षं आयटीआय करूनच आलंय ना ते? कैकांनी वर अप्रेंटिसशिपही केलेली असते. अन् शिकायचंच असेल तर त्याला एकट्याला वर का चढवता? 11 केव्हीची तार पहिलं वर्ष आहे म्हणून कमी झटका देते का?

चाल जुनीच आहे. शिक्षण सेवक झाले, कृषिसेवक झाले. गंमत बघा, हाच 'सहाय्यक' शब्द अभियंत्याच्या मागं लागला की तो कनिष्ठ अभियंत्याच्या वरचा साहेब होतो! (कंत्राटदाराकडून आलेल्या पोरांची कथा आणखी वेगळी, त्यावर पुन्हा लिहीन.)

नाव बदलता येत नाही असं नाही. 2024 मध्ये सरकारनं ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी' केलाच की. मग इथं पहिल्या दिवसापासून 'तंत्रज्ञ' लिहा अन् तंत्रज्ञाचाच पगार द्या. नुसतं नाव नको, त्यानं किराणा भरत नाही.

4 मार्चला लाईनमन दिवस येतो. गुलाबाचं फूल देतानाचे फोटो येतील, ते छापूही. पण माझ्या बातमीत यापुढं 'जनमित्र' येणार नाही. ऑर्डरवर असेल ते पद लिहीन, अन् त्याच्यापुढं मानधनाचा आकडा.