पोस्टरची कड कापू नका

१/४ साधना आणि सुनील दत्त यांच्या ‘मेरा साया’चे (१९६६) पोस्टर संग्राहक आजही हौसेने जमवतात. मृत पत्नीसारखीच दिसणारी आरोपी वकिलासमोर उभी राहते, हे त्यातले रहस्य मूळचे मराठी आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. राज खोसलांचा चित्रपट त्याचाच हिंदी अवतार.

२/४ या प्रवासात तारकेचा चेहरा उरला, कादंबरीकार विस्मृतीत गेला. संग्रहाचा बाजारही चेहऱ्यालाच किंमत देतो.

३/४ अभ्यासकाला मात्र पोस्टरच्या तळाची बारीक ओळ अधिक मोलाची. भारतात छापलेल्या पुस्तकावर वा कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ असावे, असे १८६७ च्या कायद्याने बंधन घातले होते. मूळ प्रत आणि पुनर्मुद्रण यांतला भेद ठरवताना ही ओळ मोठा आधार ठरते. चौकटीत बसवण्यासाठी ती कापणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

४/४ आमच्या उरणसारख्या किनारी गावांत खारी, दमट हवा कागदाला आधीच पोखरते. घरी जुने पोस्टर असेल, तर ते कडेसकट जपा, त्याचे छायाचित्र घ्या आणि सोबतच्या नोंदीत नटनट्यांच्या आधी मूळ लेखकाचे नाव लिहा.