लेझरची मोजपट्टी तापली तर?

2024 मध्ये डाइमलर ट्रकने आपल्या ड्रायव्हरलेस ट्रकसाठी एवा कंपनीचा एफएमसीडब्ल्यू लायडार निवडला. तेव्हापासून चर्चा चालते ती रेंजची. मला मात्र प्रश्न पडतो स्थिरतेचा.

हे तंत्र लेझरची फ्रिक्वेन्सी बदलत नेतं आणि परत आलेल्या प्रकाशाशी तुलना करून अंतर काढतं. फ्रिक्वेन्सी नेमकी किती बदलली, हे तपासायला अनेक यंत्रांत ऑप्टिकल फायबरचं वेटोळं असतं. म्हणजे फायबर हीच मोजपट्टी! पण तापमान 1 अंशाने वाढलं की फायबरमधला प्रकाशमार्ग दहा लाखांत साधारण 7 भागांनी वाढतो. 30 अंशांचा फरक पडला, तर 100 मीटरच्या मापात 2 सेंटिमीटरची चूक.

रस्त्यावर एवढं चालून जाईल. पण विमानाचे भाग जुळवायलाही हेच तंत्र वापरतात, तिथे नाही चालणार.

उपाय आहेत: फायबर स्थिर तापमानाच्या डबीत ठेवायचं, किंवा हायड्रोजन सायनाइड वायूच्या ठरावीक शोषणरेषांशी ते सतत ताडून पाहायचं. दोन्हींनी खर्च आणि आकार वाढतो.

म्हणून पुढच्या वेळी लायडारचं स्पेसिफिकेशन वाचाल, तेव्हा रेंजसोबत तापमानाची ओळही शोधा. खरी परीक्षा तिथेच आहे.